पट सापडतो, नियम सापडत नाहीत: प्राचीन जगातले पटावरचे खेळ

गोदाकाठ

उत्खननात एखादा पट मिळाला की बातमीचा मथळा ठरलेला असतो: 'साडेचार हजार वर्षांपूर्वीचा खेळ सापडला'. सापडलेला असतो तो पट. नशीब जोरावर असेल तर सोबत सोंगट्या आणि फासे. खेळ कुठल्या घरातून सुरू करायचा, सोंगटी कधी मरते, मेलेली परत कशी बसते, शेवटच्या घरातून बाहेर पडायला नेमकं दान लागतं का, यातलं काहीच मातीत मिळत नाही. ते खेळणाऱ्यांच्या तोंडी असतं आणि खेळणारे गेले की त्यांच्याबरोबर जातं. मला या धाग्यात याच गोष्टीवर बोलायचं आहे. एका खेळाच्या बाबतीत हे कोडं बरंचसं सुटलं, म्हणून सुरुवात तिथून.

उर हे आजच्या दक्षिण इराकमधलं सुमेरियन शहर. ब्रिटिश म्युझियम आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी मिळून तिथं १९२२ ते १९३४ या काळात उत्खनन केलं. प्रमुख होते लिओनार्ड वुली. तिथल्या राजघराण्याच्या दफनभूमीत त्यांना काही पट मिळाले, साधारण इ.स.पू. २६०० ते २४०० या काळातले. मूळ लाकूड कुजून गेलं होतं. राहिले होते शिंपल्याचे, लाल चुनखडीचे आणि निळ्या लाजवर्दाचे (लॅपिस लाझुली) तुकडे. हा लाजवर्द थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला.

घरं एकूण २०. एका टोकाला तीन ओळींत बारा घरं, मग दोन घरांचा अरुंद पूल, आणि पलीकडे सहा. पाच घरांवर फुलं कोरलेली. दोन्ही खेळाडूंना सात-सात सोंगट्या. फासे चार टोकांचे, बसक्या पिरॅमिडच्या आकाराचे, आणि चारपैकी दोन टोकांवर पांढरे ठिपके. म्हणजे फासा पडला की वर आलेल्या टोकाला ठिपका असेल किंवा नसेल, शक्यता निम्मी-निम्मी.

इतकं हातात असूनही खेळ कळला नाही. अनेकांनी अंदाज बांधले आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत.

वाट निघाली ती मातीच्या एका विटेतून. बॅबिलोनमधली ही कीलाक्षरी वीट १८८० पासून ब्रिटिश म्युझियममध्ये होती. त्याच संग्रहालयातले कीलाक्षरतज्ज्ञ अर्विंग फिंकेल यांनी १९८० च्या दशकात ती नीट वाचली. लिहिणारा इत्ती-मर्दुक-बलातु नावाचा बॅबिलोनी लेखनिक, काळ इ.स.पू. १७७-१७६. एका बाजूला आडव्या-उभ्या रेघांचा तक्ता, राशींची नावं आणि प्रत्येक चौकोनात भविष्य: मित्र भेटेल, सिंहासारखा बलवान होशील, अशा धर्तीचं. दुसऱ्या बाजूला खेळाचा मजकूर. सोंगट्या पाच, प्रत्येकीला पक्ष्याचं नाव. फासे म्हणून एक मेंढीचं आणि एक बैलाचं घोट्याचं हाड. कुठली सोंगटी कुठलं दान पडल्यावर पटावर येते आणि फुलाच्या घरात थांबली किंवा ते चुकलं तर काय मिळतं, काय जातं, हे त्यात आहे.

माझ्या मते इथं एक गोष्ट फार जपून म्हणायला हवी. वुलींचे पट आणि ही वीट यांच्यात दोन हजारांहून जास्त वर्षं आहेत. तोवर पटाचा आकार बदलला होता (घरं वीसच, पण पलीकडच्या सहा घरांचा गठ्ठा जाऊन सरळ शेपूट आलं), सोंगट्या सातच्या पाच झाल्या, फासे बदलले. आज ज्या नियमांनी जगभर हा खेळ खेळतात, ते या विटेवरून मागे जाऊन बांधलेले आहेत. अभ्यासपूर्वक बांधलेले आहेत, पण त्या दफनभूमीतल्या राणी पुआबीच्या काळात उरमध्ये नेमकं असंच खेळत, असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

इजिप्तचा सेनेट, द्यूत, रोमन खेळ, कुणाला जे माहीत आहे ते इथं लिहा. आणि आपल्याकडचे पटही येऊ द्या.

मृण्मयी_लंडन

फार आवडीचा विषय. उरचा हा पट मी बऱ्याचदा पाहिला आहे, ब्रिटिश म्युझियमच्या दालन क्रमांक ५६ मध्ये आहे. फोटोंवरून वाटतो त्यापेक्षा लहान आहे, शाळेतल्या फूटपट्टीएवढा लांब आणि जेमतेम ११ सेंटिमीटर रुंद. जवळ गेलं की घरांवरची नक्षी वेगवेगळी दिसते: कुठं पाच ठिपके, कुठं डोळ्यांसारखी चित्रं, आणि फुलाच्या पाकळ्या आळीपाळीनं निळ्या आणि लाल. फुलांची जागा सोडली तर बाकीच्या नक्षीचा खेळाशी काय संबंध, याचा मी खूप विचार केला आहे.

त्याच संग्रहालयात खोर्साबादहून आणलेले पंख असलेले प्रचंड बैल आहेत, अश्शूरचा राजा दुसरा सार्गोन (इ.स.पू. ७२१ ते ७०५) याच्या राजधानीच्या दरवाजातले. त्यातल्या एकाच्या पायथ्याच्या दगडावर हाच वीस घरांचा पट ओरखडलेला आहे. राजाच्या दरवाजावर पहारा करणाऱ्यांनी वेळ घालवायला कोरला असणार. उरच्या थडग्यातला लाजवर्दाचा पट पाहून वाटतं की हा राजेरजवाड्यांचा खेळ. हा दगड पाहिला की कळतं, हा सगळ्यांचा होता. मला त्या रत्नजडित पटापेक्षा हे ओरखडे जास्त मोलाचे वाटतात.

अक्षहृदय

उत्तम धागा, वाचनखूण साठवली.

वीस घरांचा पट किती पसरला होता तेही सांगायला हवं. इराणच्या सिस्तानमधल्या शहर-ए-सोख्ता इथं एका कबरीत लाकडी पट मिळाला, त्यावर वेटोळं घातलेल्या सापाच्या अंगावर वीस घरं आहेत. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यात खेळाच्या पेट्या मिळाल्या, वरच्या बाजूला सेनेटची तीस घरं आणि पेटी उलटी केली की खाली वीस घरांचा पट. त्यातली एक पेटी आबनूस आणि हस्तिदंताची आहे, सिंहाच्या पंजांच्या पायांवर उभी. सोंगट्या ठेवायला पेटीतच खण.

सेनेटचं दुर्दैव असं की पुरावा भरपूर आणि नियम शून्य. हेसी-रे या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं चित्र इ.स.पू. २६५० च्या आसपासचं आहे, त्यात सेनेट आहे आणि सापाच्या वेटोळ्याचा 'मेहेन'ही आहे. राणी नेफेर्तारीच्या थडग्यात ती एकटीच सेनेट खेळताना रंगवली आहे, समोर प्रतिस्पर्धी नाही. इजिप्तच्या मृतांच्या ग्रंथाच्या ('बुक ऑफ द डेड') १७ व्या अध्यायात मृतात्मा सेनेट खेळतो. दहाच्या तीन ओळी, शेवटच्या पाच घरांना चिन्हं, २७ वं घर पाण्याचं. तिथं पडलेली सोंगटी मागं जात असणार, एवढं चिन्हांवरून सांगता येतं. बाजारात 'सेनेट' म्हणून जे संच मिळतात त्यांचे नियम विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी बसवलेले आहेत.

विदिता

संगणकाची मदत घेतली तर? नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात कॅमरन ब्राउन यांच्या नेतृत्वाखाली २०१८ पासून काही वर्षं असा प्रकल्प चालला होता. शेकडो पारंपरिक खेळ 'लुडी' नावाच्या प्रणालीत घातले. अर्धवट माहिती असलेल्या खेळासाठी नियमांचे वेगवेगळे संच धरायचे, यंत्राला स्वतःशीच हजारो डाव खेळायला लावायचे, आणि कुठल्या संचात डाव संपतच नाही, कुठल्यात पहिला खेळाडूच सतत जिंकतो, असे संच वगळायचे. उरलेल्यांतून त्या भागात, त्या काळात शोभतील असे निवडायचे. मला ही दिशा फार आशादायक वाटते.

गोदाकाठ

विदिता, पद्धत चांगली आहे आणि वाईट नियम चाळून काढायला तिच्यासारखं दुसरं साधन नाही. पण यंत्र सांगतं ते एवढंच, की या नियमांनी डाव रंगतो. लोक कंटाळवाणे खेळही पिढ्यानपिढ्या खेळतात. आपल्या मोक्षपटात निर्णय घ्यायला जागाच नाही, दान पडेल तसं वर किंवा खाली. रंगतीच्या निकषावर यंत्र तो कदाचित पहिल्या फेरीतच बाद करेल, आणि तरी घराघरांत तो खेळला गेला. म्हणून लिखित पुरावा किंवा जिवंत माणूस, या दोन्हींची जागा तिसरं काही घेऊ शकत नाही असं मला वाटतं.

तळकोकणी

जिवंत माणसावरून आठवलं, कोचीचं कुणी लिहिलं नाही अजून. फिंकेल यांना कोचीच्या ज्यू लोकांकडचा एक लाकडी पट माहीत झाला आणि त्यावर घरं वीस! कोचीचे बहुतेक ज्यू १९५० च्या दशकात इस्रायलला गेले. तिथल्या एका किबुत्झमध्ये (सामूहिक वस्तीत) राहणाऱ्या, मूळच्या कोचीच्या एका वृद्ध शिक्षिकेला हा खेळ आठवत होता, लहानपणी घरातल्या बायकांबरोबर खेळलेला. फिंकेल यांचं म्हणणं, बॅबिलोनमधून निघालेल्या ज्यूंबरोबर हा खेळ मलबारात पोचला असावा. मधल्या शतकांचे दुवे हाती नाहीत, त्यामुळे मी तरी याला सिद्ध झालेलं म्हणणार नाही. पण केरळातल्या एका माजघरात विसाव्या शतकापर्यंत वीस घरांचा पट मांडला जात होता, ही वस्तुस्थिती आहे.

आमच्याकडे आणि गोव्यात लाकडी पाटावरच्या खळग्यांत बिया वाटत जायचा खेळ होता, गुरपाळे म्हणतात. आजीच्या वेळचा पाट घरात आहे. माझ्या पिढीतल्या कुणालाच तो शेवटपर्यंत खेळता येत नाही. बिया टाकत जायच्या एवढंच माहीत, कधी उचलायच्या ते आजी सांगायची.

अक्षहृदय

भारताचा विषय निघालाच आहे तर मालिकांनी डोक्यात बसवलेलं एक चित्र दुरुस्त करू. कौरव-पांडव समोर चौसर मांडून बसले आहेत, सोंगट्या सरकवताहेत. सभापर्वातल्या द्यूतात सोंगट्या सरकत नाहीत. पैज लावली जाते, अक्ष म्हणजे फासे टाकले जातात, आणि शकुनी म्हणतो 'जितम्'.

आणि वैदिक काळातले अक्ष म्हणजे काय, तर बेहड्याची फळं. त्रिफळा चूर्णातला तोच बेहडा, संस्कृतात विभीतक. ऋग्वेदाच्या १० व्या मंडलातलं ३४ वं सूक्त संपूर्ण जुगाऱ्याचं आहे. जमिनीत केलेल्या खळग्यात, 'इरिणा'त, हे अक्ष पडतात. नवव्या ऋचेत तो म्हणतो, 'नीचा वर्तन्त उपरि स्फुरन्त्यहस्तासो हस्तवन्तं सहन्ते'. खाली घरंगळतात, वर उसळतात, आणि स्वतःला हात नसताना हात असलेल्याला नमवतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं फाशाकडे किती जवळून पाहिलं आहे! बायको दूर गेली, सासू तिरस्कार करते, घेतलेल्या शपथा मोडतात, सगळं त्यात आहे. शेवटी सविता देव सांगतो, फासे खेळू नकोस, शेतीच कर.

खेळायचं कसं, यावर अभ्यासकांचं बरंचसं एकमत असं की ढिगातून मूठभर फळं काढायची आणि चारांनी भागायची. बाकी शून्य उरली तर कृत, तीन त्रेता, दोन द्वापर, एक कलि. युगांची नावं हीच. म्हणजे कौशल्य होतं ते झटकन मोजण्यात. वनपर्वातली नलाची गोष्ट या दृष्टीनं पुन्हा वाचा. ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता एका झाडाची पानं आणि फळं किती ते सांगतो, त्याचा सारथी झालेला नल रथ थांबवून मोजून पाहतो आणि संख्या जुळते. ते झाड बेहड्याचंच आहे. मग नल त्याला अश्वविद्या देतो आणि अक्षविद्या घेतो. पट नसलेला हा खेळ डोळ्यासमोर आणल्याशिवाय या प्रसंगाला अर्थच येत नाही.

पट मागाहून वर आला असंही नाही. बौद्ध ब्रह्मजालसुत्तात भिक्षूंनी टाळायच्या करमणुकींच्या यादीत आठ-आठ आणि दहा-दहा घरांचे पट आहेत. सातव्या शतकात बाणभट्ट हर्षचरितात अष्टापद (आठ-आठ घरांचा पट) आणि चतुरंग यांची सांगड घालतो, बुद्धिबळाच्या इतिहासातला हा फार जुना उल्लेख.

सह्यकडा

मोहेंजोदडोच्या फाशांबद्दल एक भर. तिथं भाजक्या मातीचे घनाकृती फासे मिळाले आहेत, सहा बाजूंना एक ते सहा ठिपके. आजच्या फाशात समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते. मोहेंजोदडोच्या फाशांत १ च्या पाठीला २, ३ च्या पाठीला ४, ५ च्या पाठीला ६. फासा आहे, खेळ गेला.

आपल्याकडच्या लेण्यांचं बोलू. नाशिकच्या पांडवलेण्यांत जमिनीवर कोरलेले पट आहेत, खळग्यांच्या दोन ओळीही आहेत आणि नवकंकरीचे चौकोनात चौकोनही. गडांच्या पायऱ्यांवर, देवळांच्या जोत्यांवर अशी नक्षी कितीतरी ठिकाणी दिसते. अशा ठिकाणी फिरणाऱ्यांना विनंती, लेणं दोन हजार वर्षांचं म्हणून पटही दोन हजार वर्षांचा असं लिहू नका. भिक्षूनं कोरला असेल, व्यापाऱ्यानं कोरला असेल किंवा शंभर वर्षांपूर्वी पावसात अडकलेल्या गुराख्यानंही.

हाच घोळ इजिप्तमध्ये झाला आहे. कुर्ना इथल्या देवळाच्या छताच्या दगडांवर नवकंकरीसारखा पट कोरलेला आहे, म्हणून हा खेळ इ.स.पू. १४०० चा असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुस्तकांतून छापलं गेलं. त्याच दगडांवर कॉप्टिक ख्रिस्ती क्रूसही कोरलेले आहेत, म्हणजे नंतरच्या लोकांचे हात त्या दगडांवर फिरलेले आहेत.

वेरूळला मात्र कालनिर्णयाची अडचण नाही. १४ आणि २१ क्रमांकाच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत, शिल्प लेण्याबरोबरचंच आहे. खाली नंदी आणि त्याच्या खोड्या काढणारे गण. गेलात तर घाई करू नका, दोघांचे हात नीट पाहा. डाव कुणाच्या बाजूनं चालला आहे ते हातांवरून कळतं.

मृण्मयी_लंडन

ग्रीकांचं एक चित्र इथं हवंच. इ.स.पू. ५४०-५३० च्या सुमाराचा कुंभ, व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे, चित्रकार एक्सेकियास. अकिलीस आणि एजॅक्स हे ग्रीक वीर युद्धातून उसंत काढून खेळायला बसले आहेत, भाले हातातच. दोघांच्या तोंडापाशी शब्द लिहिले आहेत: अकिलीस 'चार', एजॅक्स 'तीन'. इतकं सगळं दाखवलं, पण मधला ठोकळा बाजूनं रंगवलेला, त्यामुळे वरची घरं दिसत नाहीत.

अक्षहृदय

रोमन बाजूचं उदाहरण याच्या अगदी उलट आहे, चित्र नाही पण शब्द आहेत. सम्राट झेनो (कारकीर्द ४७४ ते ४९१) 'ताबुला' खेळत होता, हा आजच्या बॅकगॅमनचा जवळचा पूर्वज. त्याला तीन फाशांवर २, ५, ६ असं दान पडलं आणि मांडलेला सगळा डाव मोडून आठ सोंगट्या एकेकट्या उघड्या पडल्या. सहाव्या शतकातल्या अगाथियास या कवीनं त्या पडझडीवर कविता लिहिली आणि कुठल्या घरात किती सोंगट्या होत्या तेही त्यात सांगितलं. अभ्यासकांनी त्यावरून चाल कुठल्या दिशेनं, एकटी सोंगटी धोक्यात, जोडी सुरक्षित, हे नियम जुळवले. एका वाईट दानाची कुणीतरी नोंद केली म्हणून खेळ कळला.

चिंचोका

सगळे प्रतिसाद वाचले. तळकोकणींनी आजीच्या पाटाबद्दल लिहिलेलं वाचून राहवलं नाही. चल्लसआठ आमच्याकडे अजून चालू आहे, तर तोच सविस्तर लिहून ठेवते. आमचं गाव सांगली जिल्ह्यात.

पाच बाय पाच घरं, खडूनं फरशीवर. चारही बाजूंची मधली घरं आणि अगदी मधलं घर यांवर फुली. चौघं खेळतात, प्रत्येकाच्या चार सोंगट्या: बांगड्यांच्या काचा, खडे, हरभरे, काहीही. दान चार कवड्यांचं किंवा चार चिंचोक्यांचं. चिंचोका दगडावर घासून एक बाजू पांढरी करायची. पांढऱ्या जितक्या वर तितकं दान. चारी पांढऱ्या म्हणजे चल्लस, चार घरं. चारी काळ्या म्हणजे आठ. या दोन्हींना परत दान मिळतं. बाहेरच्या रांगेतून उजवीकडून डावीकडे पूर्ण फेरी, मग आतल्या रांगेत उलट दिशेनं, मग मधल्या घरात. फुलीवरच्या सोंगटीला कुणी मारत नाही.

तोड केल्याशिवाय, म्हणजे दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय, आत शिरता येत नाही. माझ्या सासरी, सोलापूरकडे, ही अट नाही, सगळे सरळ आत जातात. दोन्ही घरची मंडळी एकत्र बसली की पहिली दहा मिनिटं कुणाच्या नियमानं खेळायचं यावर बोलणं होतं.

गोदाकाठ

चिंचोकाताई, अगदी हेच हवं होतं. तुमच्या या प्रतिसादात इत्ती-मर्दुक-बलातुच्या विटेपेक्षा जास्त स्पष्ट नियम आहेत. तोडीची अट कुठल्या तालुक्यात आहे आणि कुठं नाही, एवढं जरी सगळ्यांनी लिहिलं तरी मोठं काम होईल.

दोन गोष्टी विचारतो. दोन सोंगट्या एका घरात आल्या तर तुमच्याकडे सारीपाटासारखं जुग धरतात का? आणि शेवटी मधल्या घरात जायला नेमकंच दान लागतं का?

विदिता

आणि उरचा खेळ घरी कसा खेळायचा तेही कुणी लिहा ना. पुठ्ठ्यावर आखून मुलांबरोबर खेळायचा आहे.

मृण्मयी_लंडन

विदिता, हे घे. सात-सात सोंगट्या. प्रत्येकाची वाट १४ घरांची: आधी आपल्या बाजूची चार, मग मधली सामाईक आठ, मग वळून पुन्हा आपल्या बाजूची दोन. मारामारी फक्त मधल्या आठांत. फुलाच्या घरात थांबलं की आणखी एक दान. मधल्या रांगेतलं फूल, म्हणजे वाटेवरचं आठवं घर, सुरक्षित, तिथल्या सोंगटीला मारता येत नाही. तिथं एक सोंगटी रोवून बसायचं आणि दुसऱ्या पुढं काढायच्या. बाहेर पडायला नेमकं दान लागतं.

फाशांऐवजी चिंचोकाताईंचे चार घासलेले चिंचोके वापर, पांढऱ्या बाजू मोजायच्या. मात्र चारी काळे पडले तर इथं आठ नाहीत, शून्य, डाव पुढच्याकडे. एकूण १६ शक्यतांपैकी दोनचं दान सहा वेळा, एक आणि तीनचं चार-चार वेळा, शून्य आणि चारचं एकेकदा, म्हणून सोंगटी ठेवताना शत्रूपासून दोन घरं पुढं कधी ठेवू नये. कवड्या नको, त्यांच्या दोन्ही बाजू सारख्या पडत नाहीत.

चिंचोका

गोदाकाठ, आईला फोन करून विचारलं. जुग धरतात, पण फक्त आतल्या रांगेत, आणि जुगाला जुगानंच मारायचं. मधल्या घरात जायला नेमकं दान लागतं. एकच घर उरलं असेल तर एकच पडावा लागतो, तोवर दुसरी सोंगटी चालवायची. दुसरी नसेल तर दान वाया. आणि लागोपाठ तीनदा चल्लस किंवा आठ पडले तर तिन्ही दानं जळतात, हे मला माहीतच नव्हतं. आई म्हणाली, तिच्या माहेरी, जतकडे, हा नियम होता, आमच्या घरी कुणी पाळला नाही.

तळकोकणी

आमच्या वाडीत एक काकी आहेत, त्यांना गुरपाळे पूर्ण येतो असं आज चुलत्यांकडून कळलं. गणपतीला गेलो की पाट घेऊन त्यांच्याकडे जातो आणि सगळा डाव मोबाइलवर टिपून घेतो. काय काय विचारायचं त्याची यादी करून द्या कुणीतरी. सुरुवातीला खळग्यात किती बिया, उचलायच्या कधी, रिकामा खळगा आला तर काय, एवढं माझ्या लक्षात आलं आहे.

सह्यकडा

तळकोकणी, त्यात आणखी घाला: बिया कुठल्या दिशेनं टाकायच्या, आपल्या बाजूचे सगळे खळगे रिकामे झाले तर डाव संपतो की समोरच्यानं द्यायच्या, जिंकलेल्या बिया कुठं ठेवायच्या, पुढच्या डावात हरलेल्याचे खळगे कमी होतात का. आणि खेळताना त्या काही म्हणत असतील, मोजण्याचे शब्द, ओव्या, तेही जसंच्या तसं घ्या. पाटाचा फोटो वरून काढा, शेजारी पट्टी ठेवून.